दोन व्होल्ट कुठे गेले?

जपानी स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या पिढीला जे आठवतं ते बहुतेक सगळं कॉम्प्युटर गेममधलं असतं. स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ वगैरे. मला स्वतःला त्यातल्या कुठल्याही इंजिनापेक्षा माझदा एमएक्स-५ चे दिवे जास्त आवडायचे. १९८९ ते १९९७ च्या पहिल्या पिढीत ते बॉनेटच्या आत झोपलेले असत आणि स्विच दाबला की बेडकाने पाण्यातून डोळे वर काढावेत तसे वर येत. होंडाच्या एनएसएक्सलाही तसेच होते, २००२ साली काढून टाकले. असो.

यातली एकही गाडी मी नागपूरच्या रस्त्यावर पाहिलेली नाही. आपल्याकडे जपानी वेग आला तो वेगळ्या वाटेने. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत' नावाने आणली. दहा वर्षांनी मारुती झेन आली. ९९३ सीसीचं इंजिन, सगळं ॲल्युमिनियमचं, पन्नास हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. आकडे वाचून हसू येईल, पण ज्याने त्या काळी ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनीतून उतरून झेन चालवली त्याला विचारा. २००० मध्ये होंडा सिटीची व्हीटेक आली, १०६ हॉर्सपॉवरची, आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती घोळके जमायला लागले. आपल्या जपानी क्लासिक्स म्हणायच्या तर या. आज त्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्यात. ज्यांनी जपल्या आहेत ते रंग, अलॉय आणि सायलेन्सरवर पैसे ओततात. वायरिंगकडे कुणी ढुंकून बघत नाही. वायरिंग फोटोत येत नाही ना :)

आमच्याकडे झेन आहे. २००१ च्या दिवाळीत बाबांनी घेतली, मी तेव्हा चार वर्षांचा होतो. तिच्यात मी गिअर बदलायला शिकलो, बारावीच्या परीक्षेला गेलो. आता मी मिहानमधल्या हापिसात दुसऱ्या गाडीने जातो आणि झेन बाबांची आहे. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा ते तिने भिवापूरजवळच्या शेतावर जातात. नागपूरहून उमरेड, उमरेडहून भिवापूर, सत्तरएक किलोमीटर. जाणं सकाळी, येणं अंधार पडल्यावर, कारण शेतातलं काम कधी वेळेत आटोपत नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना ते म्हणाले, "गाडी काढून टाकू म्हणतो."

आईने पोळी लाटता लाटता वळून बघितलं.

"मला आता रात्री दिसत नाही रे बरोबर. काल उमरेडच्या अलीकडे बैलबंडी होती पुढे. मागे रेडियमची एक पट्टी नाही. अगदी जवळ गेल्यावर दिसली. कशी थांबली गाडी, मलाच माहीत."

त्यांनी वाक्य इतकं सरळ उच्चारलं की मला पटकन काही बोलताच आलं नाही. रात्री गाडी नाही म्हणजे संध्याकाळी चारला शेतातून निघायचं. चारला निघायचं म्हणजे शेत बटाईने देऊन टाकायचं. मग दिवसभर घरी बसायचं. हे सगळं त्यांनी मनात आधीच मांडून झालं होतं, आम्हाला फक्त शेवटची ओळ सांगत होते. त्यात त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार केली होती, पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे निर्णयाला आकड्यांचा आधारही मिळाला होता.

मी म्हटलं, "बाबा, एकदा मला चालवून बघू द्या रात्रीची."

त्या शनिवारी रात्री मी उमरेड रोडला गाडी घेऊन गेलो. शहराचे दिवे संपले आणि मला कळलं की बाबांच्या डोळ्यांचं राहू द्या, मलाही दिसत नाहीये. डिप्परवर रस्त्यावर एक मळकट पिवळा डाग पडत होता, जुन्या चादरीवर चहा सांडावा तसा. त्याच्या पुढे काळोख. आणि हा रस्ता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याकडे जाणारा. रानडुक्कर, रोही, कधीही काहीही आडवं येतं.

आता यावर नेहमीचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. हापिसात विषय काढला तर पाच मिनिटांत तीन सल्ले मिळाले. एक, शंभर-नव्वद वॉटचे बल्ब टाक. दोन, एलईडी टाक, ऑनलाइन मिळतात, पाच मिनिटांत बसतात. तीन, गाडी विक. तिन्ही सल्ल्यांत गाडीला नक्की काय झालंय हा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रॉडक्शनमध्ये काही स्लो झालं की लॉग न बघता "रॅम वाढव" म्हणणारे जे लोक असतात, ते हेच.

रविवारी सकाळी मी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ व्होल्ट. छान. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम करतोय. मग बल्बच्या होल्डरला मागून मीटरच्या सुया टोचल्या, बल्ब पेटलेला असतानाच. ११.९.

१३.८ मधून ११.९ गेले. जवळजवळ दोन व्होल्ट बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या दीड-दोन मीटरच्या प्रवासात गायब.

दोन व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गंमत यातच आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड दहा नाही, तीस टक्क्यांनी घसरतो. आमचं घसरलं होतं जवळपास चौदा टक्के. कॅल्क्युलेटरवर मांडा: उजेड उरतो साठ टक्के. वर फिलामेंट पुरेसं तापत नाही म्हणून उरलेला उजेडही पिवळा. बाकीची वीज वायरमध्ये, जोडांमध्ये, स्विचमध्ये उष्णता होऊन बसते. नऊ-दहा अँपियर गुणिले दोन व्होल्ट, म्हणजे सतरा-अठरा वॉट. आपण डॅशबोर्डच्या आत एक छोटी इस्त्री तापवत फिरत असतो म्हणा ना.

मग हा उजेड रस्त्यावर कसा उतरतो बघा. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे साठ टक्के उजेडात तीच वस्तू दिसायला ती साधारण पाऊणपट अंतरावर असावी लागते. चांगल्या दिव्याने बैलबंडी पन्नास मीटरवरून दिसत असेल तर आता ती अडतीस-एकोणचाळीसवर दिसेल (हा ढोबळ हिशोब आहे, डिप्परची वरची कडा, रस्त्याचा चढउतार वगैरे सोडून). ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून वीस-बावीस. बेरीज करा आणि पन्नास व अडतीस यांच्याशी ताडून बघा. बाबांनी जेवताना सांगितलेली गोष्ट मला वहीत आकड्यांनी पुन्हा वाचायला मिळाली, आणि ती ऐकताना वाटली होती त्याहून वाईट होती.

हे दोन व्होल्ट नक्की कुठे जातात हे शोधायला मी वाडीच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तिथे अमरावती रोडला ट्रकांची वर्दळ, आणि ट्रकवाले वायरिंगच्या बाबतीत कार मालकांपेक्षा फार जास्त गंभीर असतात, कारण त्यांचा धंदाच रात्रीचा. उस्ताद साठीच्या पुढचे. माझा मीटर बघून हसले. त्यांच्याकडे होता टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा एक २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला सुई. बस.

"मीटर झूठ बोलता है भाऊ," ते म्हणाले.

मला वाटलं, आता प्रवचन. पण त्यांनी करून दाखवलं. एक जुनी वायर घेतली, तिचे सगळे तार कापून एकच केसाएवढा तार ठेवला आणि म्हणाले, मोजा. मीटरने बॅटरीएवढे पूर्ण व्होल्ट दाखवले. मग तीच वायर टेस्ट लॅम्पला लावली. बल्ब धुगधुगला, पेटलाच नाही धड. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर गाडी सुसाट धावते तसं त्याला सगळं ठीक दिसतं. ओझं टाकल्यावरच रस्ता कळतो. लोड टेस्टिंगवर मी हापिसात दोन वर्षं प्रेझेंटेशनं देतोय, इतक्या स्वच्छ शब्दांत मला ते कधी मांडता आलं नव्हतं. (मी मोजताना बल्ब पेटते ठेवले होते म्हणून माझा आकडा खरा निघाला. होल्डर काढून मोजलं असतं तर मीटरने मलाही "सब ठीक" सांगितलं असतं.)

मग दोघांनी मिळून रस्ता तुकड्यांत मोजला. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला: ०.६. एक सुई बल्बच्या दुसऱ्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला: १.३. म्हणजे चोर जास्त करून परतीच्या वाटेवर होता.

याला कारण आहे. आपल्या डोक्यात चित्र असतं की बॅटरीचा प्लस स्विचमधून बल्बकडे जातो आणि बल्बची दुसरी वायर बॉडीला. बऱ्याच जुन्या जपानी गाड्यांत हे उलटं असतं. प्लस बल्बच्या समाईक टोकाला थेट तयार उभा असतो आणि स्टिअरिंगखालचा स्विच अर्थची बाजू जोडतो-तोडतो. आमच्याकडेही मीटरने हेच सांगितलं. त्यामुळे दोन्ही दिव्यांचा सगळा करंट त्या दांडीतल्या इवल्याशा तांब्याच्या टिकल्यांमधून जातो. चोवीस वर्षं रोज अप्पर-डिप्पर करून त्या टिकल्या काळ्या पडल्या होत्या. पुढे बॉडीला अर्थचा जो स्क्रू असतो त्याच्याखाली गंज. आणि मध्ये कधीतरी कुठल्याशा ॲक्सेसरीवाल्याने हॉर्न बसवताना मूळ वायर सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळून चिकटपट्टी लावलेली. ती चिकटपट्टी सोडवली तर आतला गोंद काळ्या गुळासारखा ओघळत होता.

उस्ताद म्हणाले, "बल्ब में खोट नहीं। रस्ता खराब है।"

उपाय म्हणजे रिले. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. दांडीतल्या स्विचने आता फक्त रिलेची कॉइल चालवायची, तिला पाव अँपियरही पुरत नाही. दिव्यांचा खरा करंट बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, रिलेमधून थेट बल्बकडे. रिलेच्या पायांवरचे आकडे (३०, ८५, ८६, ८७) जर्मन मानकातले आहेत आणि जगात बहुतेक सगळीकडे तेच: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ही कॉइल. स्विच अर्थच्या बाजूला असला तरी साध्या कॉइलला प्लस-मायनसशी देणंघेणं नसतं, जुन्या होल्डरचे दोन टोक तिला जोडले की झालं. फक्त आत डायोड असलेला रिले असेल तर दिशा बघून जोडायचा.

अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चिनी मातीचे होल्डर (प्लास्टिकचे वितळतात), दोन फ्यूज. दोन्ही दिव्यांची अर्थ गंजलेल्या स्क्रूला न देता जाड वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कुणी नाही, आणि गाडीला आग लागते ती अशीच. जोड सगळे दाबून, वर उष्णतेने आकसणारी नळी. चिकटपट्टी शून्य. दोन रविवार गेले आणि सगळं मिळून हजार-बाराशे रुपये.

पुन्हा मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर १३.५. तेच जुने साठ-पंचावन्न वॉटचे एच-४ बल्ब. उजेड आधीच्या दीडपट.

आता एलईडी आणि शंभर वॉटवाल्या मित्रांसाठी. एच-४ हा दोन फिलामेंटचा हॅलोजन, १९७१ मध्ये युरोपात आला आणि अजून जगभर चालतो, याचं कारण त्याची भूमिती. डिप्परच्या फिलामेंटखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि रस्त्यावर वरून कापल्यासारखी कडा मिळते. या कडेच्या वर समोरच्याचे डोळे असतात. फिलामेंट एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी ती कडा बिघडते. स्वस्त एलईडीत फिलामेंटच्या जागी चपट्या चिप असतात, त्या नेमक्या त्या जागी, त्या आकाराच्या नसतात. भिंतीवर उजेड भसाभस दिसतो, चालवणारा खूश, आणि समोरून येणारा मोटरसायकलवाला दोन सेकंद आंधळा. शंभर वॉटवाल्यांची गोष्ट वेगळी: जी वायर साठ वॉटला दमलेली आहे तिच्यावर ते शंभर टाकतात. होल्डर जळतो, नशीब बरं असेल तर तेवढाच.

आणि एक जपानी योगायोग. जपान आणि भारत दोघंही डावीकडून चालतात. त्यामुळे जपानी दिव्याचा डिप्पर डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो, पायी चालणारे आणि कडेची बंडी दिसावी म्हणून, आणि उजवीकडे खाली. आपल्याला जसा हवा तसाच. हौशी लोक अमेरिकेतून किंवा युरोपच्या मुख्य भूमीवरून मागवलेले सुंदर दिवे जुन्या गाड्यांना बसवतात तेव्हा तो उचललेला भाग थेट समोरच्याच्या काचेत जातो. गाडी महागडी, शिव्या फुकट.

फोकस लावणं हे काम बल्बपेक्षा महत्त्वाचं, आणि फुकट. कॉलनीच्या समाज मंदिराची भिंत पाच मीटरवर. चाकांत हवा बरोबर, टाकी अर्धी, आणि चालकाच्या जागी बाबा. "मी काय करायचं?" "काही नाही, बसा. ऐंशी किलो वजन म्हणून." दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली, त्याच्या पाच सेंटिमीटर खाली दुसरी रेघ, कारण दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार हा साधारण नियम. डिप्परची कडा त्या खालच्या रेघेवर आणायची. आमचा उजवा दिवा पहिल्या रेघेच्याही वर बघत होता. म्हणजे इतकी वर्षं बाबांना कमी दिसत होतं आणि समोरच्याला जास्त. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ म्हणतो की दिव्यापासून आठ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. कायद्यात इतकं नेमकं कुठे डोळा ठेवायचा हे लिहिलेलं मला फार आवडलं. जुन्या ॲम्बॅसिडरच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा ठिपका रंगवलेला असे, आठवतंय? त्याच हेतूचा गावठी उपाय.

जाता जाता जुन्या जपानी गाड्या बाळगणाऱ्या नागपूरकरांना थोडं. आपला खरा शत्रू पाऊस नाही, मे महिना आहे. २०१३ च्या मेमध्ये इथे ४७.९ नोंदलं गेलं होतं. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं आणि देशभर बातम्या झाल्या, नंतर हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. नागपूरच्या उन्हात सेन्सरचंही डोकं फिरतं.) बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं, म्हणून झाकण उघडणारी बॅटरी असेल तर एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पाणी बघायचं, डिस्टिल्डच. वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, सगळ्यात आधी ती जिथे दारातून किंवा बॉनेटच्या भिंतीतून आरपार जाते तिथे. नव्वदच्या दशकातल्या होंडांमध्ये डॅशबोर्डखालच्या मेन रिलेचे सोल्डर जोड तडकतात. सकाळी गाडी मस्त सुरू होते, दुपारी उन्हात उभी केली की होत नाही, संध्याकाळी पुन्हा होते. लोक पेट्रोल पंप बदलतात, आणि काम असतं सोल्डरच्या चार थेंबांचं. जुन्या ईसीयूतले कपॅसिटर गळतात, तेही उघडून बघायला हवेत. आणि अर्थ. इंजिनापासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला जाणारी पट्टी वर्षातून एकदा सोडवून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा कसून वर पेट्रोलियम जेली. जुन्या गाडीचे निम्मे भुताटकीचे प्रकार (इंडिकेटर दिला की वायपर हलतो वगैरे) एवढ्यात जातात.

ऑक्टोबरात बाबा पुन्हा रात्री आले भिवापूरहून. मी गेटवर उभा. किल्ली टांगत म्हणाले, "मस्त झालं रे. रोही दिसला, चांगला लांबून."

आणि मग बूट काढता काढता, "समोरून गाडी आली की मात्र अजून तसंच होऊन राहिलं. चांदणं फुटल्यासारखं होते. दोन-तीन सेकंद काहीच नाही दिसत."

हे गाडीचं नव्हतं. त्या रात्री मी वाचत बसलो. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. ढोबळ हिशोबाने साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत अंधुक उजेडात विशीतल्या माणसाच्या एक तृतीयांश उजेड पोचतो. मोतीबिंदू असेल तर भिंग तो उजेड विखुरतंही. म्हणजे दोन्ही नुकसानं एकामागे एक जोडलेली होती, मालिकेत, आणि मालिकेत गुणाकार होतो. गाडीचे ०.६ गुणिले डोळ्याचे ०.३३. बाबा कित्येक महिने एक पंचमांश उजेडात उमरेड रोड चालवत होते. मी त्यातला ०.६ चा तेवढा एक करू शकत होतो. दुसऱ्या आकड्याला रिले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. बाबा आधी नाही म्हणाले, मग मी त्यांना वहीतला गुणाकार दाखवला. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "हे शेतावर जाताना आधी सांगितलं असतंस तर मी गेलोच नसतो." आणि तारीख घेतली. तोवर रात्रीचं ड्रायव्हिंग बंद, शेतावर मी किंवा चुलतभाऊ.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. चार आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा बाबांनी गाडी नेली ती समाज मंदिराच्या भिंतीसमोर, खडूच्या रेघा अजून होत्या. दिवे लावले. मग चालकाच्या जागेवर बसूनच त्यांनी एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"उजव्याने बघितलं तर भिंत पांढरी दिसते," ते म्हणाले. "डाव्याने पिवळी. तुझा मीटर काय म्हणते?"

मीटरने दोन्ही दिव्यांवर १३.५ दाखवले.

डाव्या डोळ्याची तारीख मार्चमधली आहे. गाडीच्या नोंदणीची नोव्हेंबर २०२६ मधली, फिटनेसला न्यायच्या आधी मागचा नंबर प्लेटचा दिवा बघायचा आहे, तो खड्ड्यात गेला की लुकलुकतो. अर्थच असणार.